एकशेदहा येनची हत्यारे घ्यावीत का?



जपानला लेकीकडे निघालेल्या माणसाला आपले लोक पूर्वी छत्री नाहीतर घड्याळ आणावयास सांगत. हल्ली फर्माईश असते ती शंभर येनच्या दुकानातल्या सामानाची, आणि त्यातही घरात लागणाऱ्या हत्यारांची. पक्कड, हातोडी, करवत, सगळे म्हणे पाण्याच्या भावात. पेन्शनीत घर चालविणाऱ्यांना हा प्रश्न काही फालतू नाही. म्हणून या खेपेचे सदर क्योतोहून त्यावरच लिहिते. औषधपाण्याचे पुढच्या वेळी बघू. तसा हा विषय माझ्या खात्याबाहेरचा नाहीच. कॅज्युअल्टीत हाताला टाके घालून घ्यायला येणाऱ्यांत घरी बसून काहीतरी दुरुस्त करणारी माणसे पुष्कळ असत.

मुलांनो, हत्यारे म्हणजे तलवार-बंदूक नव्हे बरं का! आपल्याकडचे मिस्त्री रंधा, पटाशी, करवत, गिरमिट, कानस, पाना या सगळ्यांना हत्यारेच म्हणत. स्क्रू ड्रायव्हरला मुंबईत डिसमिस म्हणत. आपल्या समाजात सुतार, गवंडी, बांधकामाचे ठेकेदार पिढ्यान् पिढ्या होते. तुमच्या आजोबांच्या किंवा पणजोबांच्या घरी पलंगाखाली एक लाकडी पेटी असेच असे, आणि तिला मुलांनी हात लावायचा नसे.

आधी ही दुकाने काय आहेत ते सांगते. त्यांत सगळ्यांत मोठे नाव दाइसो. यानो हिरोताके नावाच्या गृहस्थांनी ट्रकवर माल घालून जागोजाग विकता विकता हा धंदा उभा केला आणि १९७७ साली कंपनी काढली. सांगतात की प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावायला सवड मिळेना, म्हणून त्यांनी सगळ्याच वस्तू शंभर येन करून टाकल्या. २०२४ साली ते वारले. २०१९ च्या ऑक्टोबरपासून जपानात विक्रीवर १० टक्के कर आहे, त्यामुळे शंभराचे एकशेदहा द्यावे लागतात. शिवाय आता दोनशे, तीनशे, पाचशे येनच्या चिठ्ठ्याही या दुकानांत दिसतात, तेव्हा डोळे उघडे ठेवून पिशवी भरावी.

आता विचार करा. त्या ११० येनांत कर आला, दुकानाचे भाडे आले, वाहतूक आली, पुठ्ठ्याचे वेष्टण आले, दुकानदाराचा नफा आला. मग पोलादाच्या वाट्याला काय उरले? म्हणून मी असे बघते की वस्तूत पोलादाचे काम किती आहे. घासायचा पॉलिश पेपर, रंगाचा ब्रश, लांबी भरायची पट्टी, कामाचे हातमोजे, खिळे ठेवायच्या डब्या, पडलेला स्क्रू उचलायचे लोहचुंबक, हे सगळे तिथूनच घ्यावे. मी स्वतः दर वर्षी नेते. मोजायची टेपही चालते, मात्र तिच्या तोंडचा आकडा फार हालतो का ते बघावे. जरासा हालणे बरोबर आहे, तो मुद्दाम तसाच बसवलेला असतो. आकडा कडेला अडकवून मोजताना आणि भिंतीला टेकवून मोजताना त्याच्याच जाडीएवढा फरक पडतो, तो भरून निघावा म्हणून. खुळखुळत असेल तर मात्र नको.

पण जिथे पोलादाच्या टोकावर माणसाचा सगळा जोर येतो, तिथे सावध राहावे.

आम्ही मुंबईला नर्सिंग शिकत होतो तेव्हा सुया फेकून देत नसत. उकळून, दगडावर धार लावून पुन्हा वापरीत. सुईचे टोक शाबूत आहे की नाही हे ओळखण्यासाठी त्यावरून कापूस ओढायचा. एखादा तंतू अडकला की समजावे, टोक वाकले आहे. रक्तवाहिनी पकडायचा चिमटा आला तर तो बंद करून उजेडासमोर धरायचा. दोन्ही जबडे टोकापासून नीट मिळाले पाहिजेत, टोकाशी उजेडाची फट दिसता कामा नये. मग पहिल्या खाचेत अडकवून तळहातावर आपटायचा. उघडला तर बाजूला. किंमत आम्हांला कोणी सांगत नसे, आणि सांगितली असती तरी उपयोग नव्हता. सियालकोटला बनलेला साधा चिमटा कधी वर्षानुवर्षे चाले आणि दिसायला चकचकीत असलेला महिन्यात ढिला पडे.

हीच परीक्षा पक्कडीला लावा. पक्कड बंद करून दिव्यासमोर धरा. टोक मिळाले पाहिजे. तार तोडायच्या धारेत फट नको. मग दोन्ही मुठी बाजूला हलवून बघा. जोडाच्या खिळ्यापाशी लटपट लागली तर खाली ठेवा. उघडझाप एका हाताने, न अडखळता व्हायला हवी. दुकानात वेष्टणातून काढू देत नसतील तर वेष्टणावरूनच धरून उजेड बघावा, त्याला कोणी हरकत घेत नाही.

स्वस्त म्हणजे वाईट असे मात्र मी म्हणणार नाही. नाशिकला तापडिया कंपनीचा कारखाना आहे. १९६९ साली एका स्वीडिश कंपनीच्या तांत्रिक साहाय्याने त्यांनी हत्यारे बनवायला सुरुवात केली. त्यांची पक्कड भारतात इलेक्ट्रिशियनपासून रिक्षावाल्यापर्यंत कोणाकडेही सापडते, आणि ती काही श्रीमंताची वस्तू नव्हे. सारी मेख धातूला दिलेल्या पाण्यात आहे. पोलाद तापवून एकदम थंड केले की कठीण होते, पण ठिसूळही होते. म्हणून पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा कमी करावा लागतो. हे दुसरे काम घाईत केले की टोक तुटते, पहिले नीट केले नाही की टोक झिजते. झिजलेले टोक काम बिघडवते. तुटलेले टोक उडते, आणि उडालेला कपचा कुठे जाऊन बसेल त्याचा नेम नाही. डोळ्यात लोखंडाचा कण गेलेला माणूस ज्या नर्सने पाहिला आहे ती हातोडीवर हातोडी मारू देत नाही आणि खिळा ठोकताना चष्मा घाला म्हणून ओरडते. घरचे मला त्यावरून चिडवतात. चिडवोत बापडे.

स्क्रू ड्रायव्हरचे एक उदाहरण घरचेच सांगते. लेकीच्या घरी न्हाणीघराबाहेरच्या अरुंद वाटेवर मला धरायला दांडा बसवायचा होता. सत्तरी उलटलेल्या माणसाचे माकडहाड वा खुबा एकदा मोडला की त्याचे काय होते हे मी वॉर्डात तीस वर्षे बघितले आहे, तेव्हा हा दांडा म्हणजे शोभेची वस्तू नव्हे. जपानी घराच्या आतल्या भिंती पुष्कळदा जिप्समच्या पातळ फळीच्या असतात. जाडी जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तिच्यात नुसता स्क्रू बसवला तर माझा भार आल्याबरोबर दांड्यासकट भिंतीचा तुकडा हातात यायचा. स्क्रू मागच्या लाकडी उभ्या पट्टीत गेला पाहिजे. ही पट्टी शोधायला इथे एक गमतीचे हत्यार मिळते. त्यात बारीक सुई असते. ती भिंतीत टोचायची. फळी ओलांडून सुई सुळकन् पोकळीत गेली तर मागे लाकूड नाही. पुढे घट्ट अडली तर लाकूड लागले. मला ते हातात घेताच जमले. जन्मभर दुसरे काय केले? एक पट्टी सापडली की पुढची बहुधा ४५ सेंटिमीटरवर, कधी ३० वर सापडते. सुईचे भोक एवढे बारीक की नंतर दिसतही नाही.

पट्टी मिळाली. स्क्रू लांब होते. जावईबापूंनी एका स्वस्त दुकानातून, नाव सांगत नाही, स्क्रू ड्रायव्हर आणला होता. दोन स्क्रू गेले. तिसरा अर्ध्यावर असताना टोकाच्या कडा गोल झाल्या आणि स्क्रूचे डोकेही खरडून निघाले. आत जाईना, बाहेर येईना. अशा अर्ध्या स्क्रूवर दांडा वरून अगदी पक्का दिसतो, हीच भीती. तो स्क्रू काढण्यात दुपार गेली. मग होम सेंटरमधून, म्हणजे घरदुरुस्तीच्या मोठ्या दुकानातून, जाड मुठीचा दुसरा आणला. त्या स्वस्त हत्याराच्या काही पटच दाम पडले, पण उरलेले काम अर्ध्या तासात झाले. दांडा अजून जागेवर आहे आणि मी रोज धरते.

जपानी लोक स्क्रू ड्रायव्हरला छान नावे देतात. चौफुलीचे टोक तो प्लस, सपाट टोक तो मायनस. मुलांनी लक्षात ठेवावे, प्लसमध्येही नंबर असतात. १ लहान, २ मधला, ३ मोठा. घरातले बहुतेक स्क्रू २ नंबरचे. १ नंबरचे टोक २ नंबरच्या खाचेत बसल्यासारखे वाटते, फिरतेही, आणि मग सगळे खरडून टाकते. चांगले हत्यारसुद्धा चुकीच्या नंबरचे असेल तर स्वस्तासारखेच वागते. इथे शिकवतात की सात हिस्से जोर दाबायला आणि तीन हिस्से फिरवायला. आता आमच्यासारख्यांची मनगटे संधिवाताने आखडलेली, सात हिस्से दाबायला आणायचे कुठून? म्हणूनच टोक खाचेत घट्ट बसणारे हवे आणि मूठ जाड हवी. बारीक मुठीला बोटे जास्त आवळावी लागतात, जाड मुठीला कमी. तरुण माणूस वाईट हत्याराची उणीव आपल्या जोराने भरून काढतो. म्हाताऱ्याकडे ती भरून काढायला काही नसते. घरात पैसा थोडाच असेल तर चांगले हत्यार आजोबांच्या हाती द्या आणि स्वस्त नातवाला, असे मी म्हटले असते, पण नातू दहा वर्षांचा असेल तर त्याचीही गोष्ट आजोबांसारखीच.

विजेच्या कामाबद्दल एकच सांगते, कारण त्यात माफी नाही. प्लास्टिकची मूठ म्हणजे विजेपासून संरक्षण असे समजू नये. ज्या हत्याराची तशी चाचणी झालेली असते त्यावर दोन त्रिकोणांची खूण आणि १००० व्होल्ट असा आकडा छापलेला असतो. तो नसेल तर ते हत्यार विजेला लावायचे नाही. जपानात घरची वीज १०० व्होल्टची, आपल्याकडे इस्राएलात आणि भारतात २३० ची, म्हणजे तिथे चालून गेलेली हयगय इथे चालणार नाही. आणि आधी मेन स्विच बंद, हे सांगायला नकोच.

कटरचे पाते तुकड्या-तुकड्याने मोडून पुन्हा धारदार करायची युक्ती जपानचीच. ओसाकाच्या ओकादा योशिओंनी १९५६ साली ती शोधली. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीच्या खाचा यांवरून त्यांना ती सुचली असे सांगतात. त्यांच्या कंपनीचे ओल्फा हे नावही पाते मोडणे या जपानी शब्दांवरूनच आले. कटर घेताना पात्याच्या धारेपेक्षा त्याची कळ बघा. नवे पाते तर कुठलेही कापते. पाते बाहेर काढून कळ लावा आणि टोक जाड पुठ्ठ्यावर दाबा. आत सरकले तर तो कटर घरात नको. दाबताना पाते मागे सरकते, माणूस दचकून आणखी जोर लावतो आणि डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला लागते. उजवा हात वापरणाऱ्यांची डावी तर्जनीच आम्ही जास्त शिवीत असू.

क्योतो म्हटले की देवळे आणि रेशीम डोळ्यांसमोर येते, पण हत्यारांचाही इथे मोठा कारखाना आहे. शहराच्या दक्षिणेला कुमियामा नावाच्या गावी क्योतो टूल कंपनी आहे, स्थापना १९५० सालची. मोटार दुरुस्त करणाऱ्यांचे पाने आणि रॅचेट बनवते. १९९५ पासून त्यांची नेप्रोस नावाची उंची मालिका निघते. तिच्यातल्या रॅचेटच्या पोटात ९० दात असतात, म्हणजे चार अंश हलवले की पुढचा दात लागतो. ३६ दातांच्या रॅचेटला दहा अंश हलवावे लागते. जिथे हात शिरायलाच जागा नाही अशा इंजिनाच्या कोपऱ्यात हा फरक कळतो. स्वयंपाकघरातल्या खुर्चीचा पाय आवळायला काही कळत नाही. तेव्हा महाग ते चांगलेच, पण आपल्या कामाचे असेलच असे नाही. माझ्या मते घरच्या सायकलीपुरते १० आणि १५ मिलिमीटरचे दोन बरे पाने पुरेत. त्यांत बघायचे एवढेच की पान्याचे तोंड नटाला हलके बसते आणि डुगडुगत नाही. डुगडुगले की नटाचे सहा कोपरे गोल व्हायला लागतात, आणि गोल झालेल्या नटाला मग नेप्रोसही काही करू शकत नाही.

स्वस्त आणि महाग यांच्यामध्ये तिसरा मार्ग आहे, तो मला सगळ्यांत आवडतो. दर महिन्याच्या २१ तारखेला क्योतोच्या तोजी देवळाच्या आवारात मोठा बाजार भरतो. कोबो दाइशी या त्यांच्या संताच्या पुण्यतिथीची ती तारीख. २५ तारखेला तसाच बाजार कितानो तेनमांगू इथे. जुनी भांडी, किमोनो, आणि कोपऱ्यात गंजलेली हत्यारे मांडून बसलेले म्हातारे विक्रेते. मुंबईच्या चोरबाजाराची आठवण होते, फक्त इथे कोणी ओरडत नाही. जुन्या हातोडीचे डोके घ्यायला मुळीच भिऊ नये. वरचा गंज निघतो, दांडा नवा बसतो. पटाशी मात्र निरखून घ्यावी. जपानी पटाशी दोन थरांची असते. पातळ कठीण पोलाद मऊ लोखंडाला जोडलेले. धारेच्या उतारावर दोन रंगांची रेघ दिसते. धार लावून लावून कठीण थर संपत आला असेल तर ती पटाशी कितीही स्वस्त असो, ते लोखंडच. गंजाने खोल खड्डे पडले असतील तरी नको. आणि घेतल्यावर धार लावायची तयारी पाहिजे, ते आपल्याला जमणार नसेल तर बाजारात नुसते फिरावे, तेही छान असते.

एका सुताराला किती हत्यारे लागतात? कोबे शहरात ताकेनाका यांचे सुतारकामाच्या हत्यारांचे संग्रहालय आहे, १९८४ साली उघडलेले. २०१४ पासून ते शिन-कोबे स्टेशनजवळ आहे. तिथे १९४३ सालच्या एका पाहणीतला संच मांडला आहे. चांगल्या प्रतीचे काम करणाऱ्या सुताराला १७९ हत्यारे लागत असे त्या पाहणीत निघाले. नातू मोजत बसला आणि शंभराच्या पुढे चुकला.

करवतीविषयी म्हाताऱ्या मंडळींना आवर्जून सांगते. आपली करवत पुढे ढकलताना कापते, जपानी करवत ओढताना. ओढताना पाते ताणले जाते, वाकत नाही, म्हणून ते पातळ ठेवता येते. पातळ पात्याला लाकूड कमी कापावे लागते, म्हणून जोर कमी लागतो. खांदा दुखणाऱ्याला हा फरक फार मोठा आहे. हल्लीच्या बऱ्याच करवतींची पाती बदलता येतात. दातांची टोके विजेने कठीण केलेली असल्याने पुन्हा घासून धार लावता येत नाही, बोथट झाली की नवे पाते. इथल्या होम सेंटरमध्ये अशी करवत घेतली तर बरोबर एक जादा पातेही घ्या. आपल्याकडे तेच पाते मिळेलच असे नाही, आणि पात्यावाचून नुसती मूठ घरात पडून राहते.

ही सगळी खरेदी विमानात सामानाच्या बॅगेतच घालावी, हातातल्या पिशवीत नको. आणि क्योतोत फिरताना खिशात नको. २००३ पासून जपानात कायदा आहे की मोठा मायनस स्क्रू ड्रायव्हरसुद्धा कारणाशिवाय लपवून बाळगायचा नाही, चोर कुलपे फोडतात म्हणून. दुकानातून आणताना पावतीसह पिशवीत असू द्यावा.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी खेळण्यातली हत्यारे मिळतात ती घेऊ नका. ती काहीच करत नाहीत, मग मुले जास्त जोर लावतात आणि लागून घेतात. खरी पण लहान हत्यारे मागा. हलकी हातोडी, २ नंबरचा आखूड प्लस स्क्रू ड्रायव्हर आणि डोळ्यांना चष्मा. चष्मा शंभर येनच्या दुकानातलाही चालेल, मात्र बाजूने बंद असणारा हवा. पहिल्या दिवशी मऊ लाकडाच्या फळीवर दहा स्क्रू आत घाला आणि दहाही बाहेर काढा. आत घालण्यापेक्षा बाहेर काढताना हत्याराची परीक्षा होते.

पुढच्या सदरात सुरीबद्दल लिहीन. क्योतोच्या निशिकी बाजारात १५६० पासून चालत आलेले आरित्सुगु हे सुऱ्यांचे दुकान आहे, तिथे सुरीवर गिऱ्हाइकाचे नाव कोरून देतात. तोवर आपापल्या घरातल्या पक्कडी दिव्यासमोर धरून बघा, आणि कोणाची फट दिसली ते कळवा.